दहा मीटर एअर रायफलचे छर्रे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कापूस ठेवायचं जुनं गोदाम आहे. दिवाळीपासून माझी पुतणी तिथं एअर रायफलचा सराव करते. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्य जिंकलं, तेव्हापासून तिनं हट्टच धरला होता. त्याचा प्रकार 50 मीटरचा, गोळी .22 इंचाची. हिचा 10 मीटरचा, छर्रा 4.5 मिलिमीटरचा. रायफल घेताना आम्ही दहा जणांना विचारलं, छर्ऱ्यांचं कोणालाच विचारलं नाही. तिथंच चुकलो.

पहिले तीन महिने शहरातल्या एका दुकानातून आणलेला स्वस्त डबा वापरला. पोरगी रोज दोन तास उभी राहायची आणि गुण तिथल्या तिथंच. मी तिला रागावलो, "हात स्थिर ठेव." या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं, त्यामुळे बारीकशी चूकही कागदावर दिसते. पण चूक तिची नव्हती. एकदा मी छर्रे हातावर घेऊन उन्हात पाहिले. छर्रा डमरूसारखा असतो, मध्ये बारीक, मागचा घेर पातळ. कित्येकांचा तो घेर चेपलेला होता. सोनाराच्या काट्यावर ठेवले तर एक 0.49 ग्रॅम, दुसरा 0.55. त्या दिवशी पोरीची माफी मागितली.

मग चार प्रकार मागवले, सगळे चपट्या तोंडाचे. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात, गुण मोजताना वाद होत नाही. गोल तोंडाचे लांबच्या अंतराला बरे, 10 मीटरला त्यांचं काम नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे एकाच ठिपक्यावर मारले. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात लांब अंतर मोजायचं, त्यातून 4.5 वजा करायचे, तो झाला झुबका; जितका लहान तितका छर्रा बरा. प्रकार बदलला की पहिले वीसेक धरू नका, नळीला नव्या छर्ऱ्याची सवय लागावी लागते.

निकाल पाहून मीच चकित झालो. एकाच कंपनीचे 4.49 आणि 4.50 मिलिमीटर डोक्याचे छर्रे घेतले होते. 4.49 चा झुबका पाच मिलिमीटरचा, 4.50 चा तीनचा. सगळ्यात महाग डबा तिसरा आला. तुमच्या नळीला 4.49 च आवडेल कदाचित, म्हणून आमचा आकडा उचलू नका, स्वतः मारून पाहा.

शेजारच्या काकांनी विचारलं, "भाऊ, हरभऱ्यात रोही घुसून रायले, याच्यानं पडंल का एखादं?" नाही पडणार, आणि पाडायचंही नाही. रोही म्हणजे नीलगाय असो, चितळ असो, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे. छर्ऱ्यानं जनावर फक्त जखमी होऊन कुठंतरी झुरत मरतं. पिकाचं नुकसान झालं असेल तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा, मी स्वतः त्यांना फॉर्म भरून दिला.

अजून एक. छर्रे शिशाचे असतात, आणि शिसं विषारी. पुतणी घाईत दोन-तीन ओठांत धरायची, ती सवय कडक बोलून मोडली. सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय ती पाण्याच्या घड्यालाही हात लावत नाही.

आता 4.50 चे एकाच लॉटचे चार डबे पावसाआधीच आणून ठेवलेत. ओलीत शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून ते गोदामात नाहीत, घरातल्या कपाटात आहेत, धान्याच्या कोठीपासून लांब.