रियाजासाठी व्हिडिओ उतरवायचा आहे: फुकट एक्स्टेन्शन, कन्व्हर्टर साइट, वायटी-डीएलपी की प्रीमियम?

गाणं शिकणाऱ्याचं रेकॉर्डिंग एकदा ऐकून भागत नाही. तीच तान पुन्हा पुन्हा मागे घेऊन, वेग कमी करून ऐकावी लागते, आणि तेही नेट असो वा नसो. म्हणून तानसेन समारोहातली एखादी मैफल किंवा ग्वाल्हेर घराण्याचा जुना ख्याल यूट्यूबवर सापडला, की ग्वाल्हेरच्या लश्कर-मुरारमधला विद्यार्थी ब्राउझरमध्ये ‘व्हिडिओ डाउनलोडर’ शोधायला लागतो. चांगले तारे मिळवलेली फुकट एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, ढिगानं समोर येतात. त्यांच्यावर विश्वास ठेवावा का? ज्या ब्राउझरमध्ये तुमची बँक आणि जीमेल उघडतं, त्यात तरी ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक्स्टेन्शन: अडचण परवानगीत आणि अपडेटमध्ये

पानावरचा व्हिडिओ पकडायचा तर ते पान काय मागवतंय हे एक्स्टेन्शनला सतत पाहावं लागतं. त्यामुळे प्रामाणिक एक्स्टेन्शनसुद्धा सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतं, आणि लबाडही तीच मागतं. परवानगीची चौकट वाचून दोघांतला फरक कळत नाही.

तारे आणि डाउनलोडचे आकडे पाहूनही तो कळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं क्रोम आणि एजसाठीची २८ घातक एक्स्टेन्शन उघड केली. ती मिळून सुमारे ३० लाख वेळा उतरवली गेली होती, आणि त्यांत फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हिमिओचे व्हिडिओ उतरवणारी बरीच होती. टाकल्यानंतर निदान तीन दिवस ती गप्प राहत, म्हणजे संशय येण्याच्या काळात सगळं सुरळीत दिसे. त्याआधी २०१९ मध्ये ‘डेटास्पाय’ प्रकरणात वापरणाऱ्यांनी उघडलेल्या पानांचे पत्ते गोळा करणारी आठ एक्स्टेन्शन सापडली. सेव्हफ्रॉम.नेट हेल्पर हे त्यांतलंच एक.

आज स्वच्छ असलेलं एक्स्टेन्शन उद्या तसंच राहील याचीही खात्री नाही, कारण ब्राउझर ती न विचारता अपडेट करतो. न वापरलेले टॅब थांबवून ठेवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून काढावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एक्स्टेन्शनमध्ये चोरांनी घातक अपडेट घुसवलं. कर्मचाऱ्याला फसवा ईमेल पाठवून त्यांनी आत शिरकाव केला होता. ही दोन्ही डाउनलोडर नव्हती, पण वाट तीच. फुकट डाउनलोडर चालवणाऱ्याला उत्पन्न हवं असतं, आणि लाखो वापरकर्ते असलेलं एक्स्टेन्शन विकत मागणारेही भेटतात. म्हणून टाकण्याआधी त्याचा खर्च कोण भागवतं ते बघा. पैसे देऊन घ्यायची आवृत्ती किंवा देणग्या दिसत असतील तर ठीक. काहीच दिसत नसेल तर सोडून द्या.

आता ते काम किती करतं ते. क्रोम वेब स्टोअरच्या नियमांत यूट्यूबवरून उतरवणं बसत नाही, त्यामुळे तिथली एक्स्टेन्शन बहुधा यूट्यूब सोडून इतर साइटवरच चालतात. ‘यूट्यूबसाठी आमच्या साइटवरून पूर्ण आवृत्ती घ्या, डेव्हलपर मोड (स्टोअरबाहेरचं एक्स्टेन्शन टाकू देणारी सोय) सुरू करा’ असं कुणी सांगितलं, तर तिथेच थांबा. स्टोअरची तपासणी अपुरी असली तरी ती एक चाळणी आहे, आणि या वाटेनं तीही टळते. फायरफॉक्समध्ये यूट्यूबवर चालणारी एक्स्टेन्शन मिळतात.

दुसरी अडचण फाइलच्या घडणीची. मोठ्या साइट व्हिडिओ अखंड पाठवत नाहीत. चित्र आणि आवाज वेगळे येतात, तेही छोट्या तुकड्यांत. ते जोडायला एफएफएमपेगसारखा वेगळा प्रोग्रॅम लागतो. जोडणी नीट झाली नाही की चित्र आहे पण आवाज नाही, किंवा फाइल ३६० पिक्सेलचीच, असे प्रकार होतात. काही एक्स्टेन्शन जोडणीसाठी कॉम्प्युटरवर सहायक अॅप टाकायला लावतात. ते ब्राउझरच्या कुंपणाबाहेर, तुमच्या खात्याच्या पूर्ण अधिकारानं चालतं. काही लिंक आपल्या सर्व्हरवर पाठवतात, म्हणजे ती लिंक घेऊन फाइल बनवून देणारी कन्व्हर्टर साइटच झाली. नेटफ्लिक्ससारख्या साइटवरचा कुलूपबंद व्हिडिओ उतरवून देतो म्हणणाऱ्यावर तर विश्वास ठेवूच नका.

कन्व्हर्टर साइट

इथे ब्राउझरची कायमची परवानगी द्यावी लागत नाही, एवढीच जमेची बाजू. पानावर खोटी डाउनलोड बटणं असतात, ‘नोटिफिकेशन अलाऊ करा’ म्हणून आग्रह होतो, आणि व्हिडिओऐवजी झिप किंवा ईएक्सई (म्हणजे प्रोग्रॅमची) फाइल हातात येते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं अशा फुकट कन्व्हर्टरबद्दल इशारा दिला होता. विंडोजमध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फाइलनेम एक्स्टेन्शन दिसतील असं करून ठेवा, नाव एमपी४, एमपी३ किंवा एम४ए वर संपत नसेल तर फाइल उघडू नका.

गाण्याच्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक गोष्ट. ‘३२० केबीपीएस एमपी३’ (केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला किती डेटा) या पाटीला भुलू नका. यूट्यूबचा आवाज साधारण १२८ ते १६० केबीपीएसचाच असतो. त्याचं ३२० केल्यानं फाइल फुगते आणि पुन्हा दाबल्यामुळे (कॉम्प्रेस केल्यामुळे) तानपुऱ्याची आस थोडी मळतेच.

वायटी-डीएलपी

खरोखर फाइलच हवी असेल तर आमची पसंती यालाच. हा व्हिडिओ उतरवणारा उघड्या स्रोताचा (ओपन सोर्स) प्रोग्रॅम आहे. ब्राउझरमध्ये बसत नाही, बोलावल्याशिवाय चालत नाही. गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या साइटवरच्या मूळ पानावरूनच घ्या. मिळत्याजुळत्या नावाच्या साइट टाळा. सोबत एफएफएमपेग लागतं, आणि यूट्यूबसाठी आता डेनोसारखा जावास्क्रिप्ट रनटाइमही (वेबपानांतला कोड चालवणारा प्रोग्रॅम). विंडोजच्या विनगेट या प्रोग्रॅम टाकायच्या सोयीतूनही वायटी-डीएलपी टाकता येतो. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून प्रोग्रॅमचं नाव, हायफन आणि कॅपिटल एफ, मग लिंक दिली की उपलब्ध प्रतींची यादी येते. तिच्यातून ‘ऑडिओ ओन्ली’ लिहिलेली एम४ए निवडा, म्हणजे आवाज पुन्हा न दाबता जसाच्या तसा मिळतो. १२८ केबीपीएसचा तासाभराचा ख्याल ५८ एमबीच्या आसपास बसतो. ती फाइल व्हीएलसीत घेऊन वेग कमी केला तरी स्वर उतरत नाही, आणि हवा तेवढाच तुकडा फिरता ठेवता येतो.

यूट्यूब बदललं की तो अडतो. पहिला उपाय म्हणजे अपडेट. ब्राउझरमधल्या कुकी (लॉगिनच्या खुणा) देण्याचा पर्याय मात्र टाळा. आपल्या लॉगिननं भराभर डाउनलोड केलं तर खात्यावर बंदी येऊ शकते.

प्रीमियम, किंवा सरळ मागून घेणं

यूट्यूब प्रीमियम २०२४ पासून महिना १४९ रुपये, विद्यार्थ्यांना ८९. व्हिडिओ अॅपमध्येच राहतो, फाइल हाती येत नाही, आणि महिन्यातून एकदा तरी नेट जोडावं लागतं. प्रवासात नुसतं ऐकायचं असेल त्याला एवढं पुरतं, बाकी कशाच्या नादी लागू नये.

मैफल गावातल्याच संस्थेनं चढवली असेल, तर त्यांना फोन करा. चॅनेलच्या मालकाला यूट्यूब स्टुडिओतून आपला व्हिडिओ ७२० पिक्सेलपर्यंत उतरवता येतो. मूळ रेकॉर्डिंग त्यांच्याकडे असेल तर ते यूट्यूबच्या प्रतीपेक्षा केव्हाही सरस. परवानगीचा प्रश्नही तिथेच सुटतो: परवानगीशिवाय उतरवणं यूट्यूबच्या अटींविरुद्ध आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी अभ्यासाला जागा आहे, पण कलम ३८ मध्ये कलाकाराचे हक्क आहेत. तेव्हा फाइल पुढे वाटू नका.

तरीही एक्स्टेन्शनच हवं असेल

फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा. त्यात कुठेही लॉगिन करू नका. एका प्रोफाइलमधल्या एक्स्टेन्शनला दुसऱ्यातलं दिसत नाही. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊन साइट अॅक्सेस ‘ऑन क्लिक’ करा.

मुख्य ब्राउझरमध्ये आधीच टाकलं असेल तर ‘रिमूव्ह’ करा. नुसतं बंद ठेवू नका. सिंक चालू असेल तर घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ते गेलेलं असतं, तिथे बघा. सोबत आलेलं सहायक अॅप वेगळं काढावं लागतं. मग गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. सुरुवात जीमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात.