धोबी तलावला मिळणारे १६ औंसी ग्लव्हज: स्पारिंगला चालतील, पण जोडी निवडून घ्या

मुंबईत धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत टांगलेले बरेचसे बॉक्सिंग ग्लव्हज जालंधर-मेरठकडचे. त्यातली अस्सल चामड्याची, वेल्क्रोवाली १६ औंसी जोडी स्पारिंगसाठी, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीसाठी, घ्यावी का? घ्यावी. फक्त औंसाचा शिक्का बघून नव्हे.

औंसाचा आकडा एका ग्लव्हचा असतो. १६ औंस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, त्यामुळे दुकानात वजनकाटा असेल तर दोन्ही वेगवेगळे ठेवून बघा. पण वजनापेक्षा ते कुठे भरलंय हे महत्त्वाचं. स्वस्त जोडीत मनगटाचा पट्टा आणि अस्तर जाडजूड, बोटांच्या पेरांवर मात्र फोम पातळ. एका हातात ग्लव्ह घालून पेरांवर दुसऱ्या हाताचा अंगठा जोरात दाबा. आतली हाडं जाणवली तर ती जोडी परत टांगा, कारण तोच भाग समोरच्याच्या नाकावर बसणार आहे. ग्लव्हचा अंगठा मुठीला शिवून जोडलेला हवा. सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि स्वतःचाही मुरगळतो.

मापासाठी साडेचार मीटरचे हँडरॅप (ग्लव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्या) बांधूनच हात घाला. कोऱ्या हाताला नीट बसलेला ग्लव्ह रॅपवर मूठच मिटू देत नाही. अर्धवट उघड्या मुठीने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारला की मनगट गेलंच म्हणून समजा.

चामडं चांगलं, शिलाई ठीक. वेल्क्रो हा या मालाचा कच्चा दुवा: टोक सुटतं आणि पार्टनरच्या गालावर, मानेवर ओरखडे काढतं. पट्ट्यावरून चिकटपट्टीचे दोन वेढे मारले की काम होतं. लेसचे ग्लव्हज घट्ट बसतात, पण बांधायला दुसरा माणूस लागतो.

नव्या जोडीचा फोम कडक असतो. आधी फोकस पॅडवर (कोच हातात धरतो त्या गादीवर) हलके राउंड करून तो मऊ होऊ द्या, मग समोर माणूस घ्या. हेवी बॅगला, म्हणजे ठोसे मारायच्या टांगलेल्या जड पोत्याला, वेगळी जोडी ठेवा. रोज हेवी बॅगवर मारून पेरांवरचा फोम दबून बसतो. बाहेरून काही दिसत नाही, मार मात्र समोरच्याला लागतो. आणि हेडगार्ड आहे म्हणून जोर वाढवू नका. त्याने कातडी फुटणं कमी होतं, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात खरी परीक्षा अस्तराची. जिममधून आल्यावर बॅगेत कोंबलेले ग्लव्हज लवकरच कुबट होतात, मग बुरशी. पट्टा पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, ओले झाले की बदला आणि पंख्याखाली तोंड खाली करून टांगा. उन्हात ठेवले तर चामडं तडकतं. ओले रॅप आत सोडू नका, रोज धुवा.

अंगाने हलक्या मुलामुलींना १४ औंस पुरतात, पण काही क्लब सगळ्यांनाच १६ घालायला लावतात. पैसे मोजण्याआधी कोचला विचारा.