केबल ठेवायची की ॲपवर जायचं? मराठी घराचा हिशेब

केबल तोडायचा विषय बहुतेक घरांत महिन्याच्या बिलावरून निघतो. बिलाकडे वळण्याआधी एका कागदावर लिहून काढा: घरात कोण, काय आणि किती वाजता बघतं. मराठी घरात ही यादी दरपत्रकापेक्षा महत्त्वाची, कारण आपल्या मालिका ॲपवर एका जागी मिळत नाहीत. झी मराठीच्या झी5वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, सन मराठीच्या सन नेक्स्टवर. केबलवर एका वाहिनीवरून दुसरीवर जायला रिमोटचं एक बटण पुरतं. ॲपवर आधीच्या ॲपमधून बाहेर पडायचं, दुसरं उघडायचं, नाव शोधायचं, आणि अनेकदा वर्गणीही वेगळी. संध्याकाळी दोन-तीन वाहिन्यांवरच्या मालिका ओळीने बघणाऱ्या आजी घरात असतील, तर हॉलमधल्या टीव्हीची केबल काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना चॅनलचा नंबर पाठ असतो आणि टीव्ही लावायला कुणाला हाक मारावी लागत नाही. हे स्वातंत्र्य महिन्याला वाचणाऱ्या शे-दोनशे रुपयांपेक्षा मोठं आहे.

आता पैसे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2019च्या नियमांपासून केबलच्या बिलाचे दोन भाग झाले: नेटवर्क शुल्क आणि घेतलेल्या सशुल्क वाहिन्या. शुल्क 130 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, हा आकडा अनेकांना पाठ आहे. मात्र जुलै 2024 मध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादा उठवली, म्हणून आजचा दर आपल्या केबलवाल्यालाच विचारा. वाहिन्या सुट्या निवडायचा हक्क आपल्याला आहे. तयार पॅकमधल्या किती वाहिन्या घरात खरंच लागतात ते पाहिलंत, तर केबल न तोडताही बिल उतरू शकतं.

ॲपचा हिशेब इंटरनेटपासून सुरू होतो. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी वायफाय आधीच असेल, तर तो खर्च टीव्हीच्या नावावर टाकू नका. केवळ टीव्हीसाठी घेणार असाल, तर 399चा प्लॅन करासह 471 रुपयांच्या घरात जातो आणि वर्गण्या त्यावर वेगळ्या. तिथे केबलच स्वस्त पडण्याची शक्यता जास्त. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार तर सोडूनच द्या: नेटफ्लिक्सवर एचडी चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा लागतो, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीत एक सिनेमाही पुरा होत नाही.

दोन गोष्टी वर्गणी भरण्याआधी बघाच. एक, नेटफ्लिक्स आणि जिओहॉटस्टारचे सर्वात स्वस्त प्लॅन फक्त मोबाइलचे आहेत, टीव्हीवर चालत नाहीत. रिचार्जसोबत ‘फुकट’ मिळणारी वर्गणीही अनेकदा याच प्रकारची असते. दोन, पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या असं नाही. प्राइम व्हिडिओवर जून 2025 पासून भारतातही जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे द्यावे लागतात.

क्रिकेटला केबल बरी. ॲपवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, विकेट शेजारच्या घरातल्या आरड्याओरड्यातून आधी कळते. मराठी बातम्यांसाठी मात्र केबल लागत नाही. एबीपी माझा, टीव्ही9 मराठी, झी 24 तास यूट्यूबवर थेट आणि मोफत दिसतात. वीज जाणाऱ्या गावात ॲपची बाजू थोडी सरस: राउटर इन्व्हर्टरवर ठेवता येतो, केबलच्या लाइनवरचा, सिग्नल वाढवणारा विजेवरचा ॲम्प्लिफायर आपल्या हातात नसतो. पण गावातली विसर्जन मिरवणूक, देवळातली आरती, पाणी कधी येणार ही पट्टी केबलवाल्याच्या स्थानिक चॅनलवरच मिळते. त्याला तोड नाही.

तिसरा रस्ता फार कमी लोक विचारात घेतात, तो दूरदर्शनच्या मोफत छत्री-सेवेचा, म्हणजे डीडी फ्री डिशचा. छत्री आणि डब्याला एकदाच साधारण दोन हजार रुपये, पुढे महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री वाहिनी त्यात आहे. छत्रीला आग्नेयेकडे मोकळं आकाश हवं. स्वतःची गच्ची असेल तर फ्री डिश आणि जोडीला एखादं ॲप ही जोडी मला सर्वात पटते. सोसायटीत खिडकी पश्चिमेला असेल तर हा बेत जमणार नाही.

बंगळुरू किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबाने सरळ ॲपकडे जावं. तिथल्या पॅकमध्ये मराठी वाहिन्या शोधत बसण्यापेक्षा ते सोपं.

आणि घरात दोन टीव्ही असतील, तर आतल्या खोलीतली केबल आधी काढा. तरुण मंडळी तिथे तसाही मोबाइलच बघतात. हॉलमधली काढायचीच असेल, तर एक महिना दोन्ही चालू ठेवा आणि आजींना कुणाच्याही मदतीशिवाय मालिका लावता येते का ते बघा. येत असेल तर डबा परत करा, अनामत भरली असेल तर ती मागा आणि पावती जपून ठेवा.