हाइव्हवर नऊ महिने: डेव्हलपरच्या हातातला स्टेक, पॅनल मतदान आणि तीस दिवसांची अट

लेख लिहायचे, दुसऱ्यांच्या लेखांना मत द्यायचं आणि त्यातून टोकन मिळवायचं, एवढ्यावर हाइव्ह ही ब्लॉकचेन लोकांना माहीत आहे. नऊ महिन्यांच्या वापरानंतर कमाईबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, ते खाली येईल. खरं लिहायचंय ते मतदानाबद्दल. ही चेन जन्मालाच आली ती एका कंपनीच्या ताब्यातल्या स्टेकवरून, म्हणजे मताचं वजन देणाऱ्या टोकनच्या साठ्यावरून, झालेल्या भांडणातून, आणि ते भांडण कळल्याशिवाय इथल्या निम्म्या नियमांचा अर्थ लागत नाही. खान्देशातल्या वाचकाला ते कळायला जड जाऊ नये. विकास सोसायटी, बाजार समिती किंवा साखर कारखान्याची निवडणूक ज्यानं जवळून पाहिली, त्याला पॅनल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

हाइव्हच्या आधीची चेन म्हणजे स्टीम. ती मार्च २०१६ मध्ये सुरू झाली आणि अगदी सुरुवातीच्या मायनिंगमधला (टोकन निर्मितीतला) बहुतांश माल स्टीमिट या तिच्याच कंपनीकडे गेला. पुढे त्यातला बराच वाटला-विकला गेला, तरी २०२० च्या सुरुवातीला एकूण पुरवठ्यातला सुमारे २० टक्के वाटा कंपनीकडे होताच. हा साठा विकासासाठी आहे, विटनेसच्या मतदानात तो उतरणार नाही, असं कंपनीकडून सांगितलं जात होतं. (विटनेस म्हणजे सर्व्हर चालवून ब्लॉक तयार करणारे. कोणता कोड चालणार हे शेवटी तेच ठरवतात.) पण हे सगळं तोंडी. कोडमध्ये त्याची एक ओळही नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी कंपनी विकत घेतली, तेव्हा साठा गेला आणि शब्द मागे राहिला. विटनेसांनी त्याच महिन्यात सॉफ्ट फोर्क (चेन न तोडता केलेला कोडबदल) लावून तो साठा गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या टोकन खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजांच्या खात्यांतले, म्हणजे ग्राहकांनी ठेवलेले स्टीम पॉवर-अप होऊन (स्टेकमध्ये बदलून) सन यांच्या बाजूनं मतदानात उतरले आणि वरचे वीसच्या वीस विटनेस बदलले. २० मार्चला जुन्या मंडळींनी चेनची प्रत काढून हाइव्ह सुरू केली. स्टीमवरच्या शिलकीइतके हाइव्ह जवळपास प्रत्येकाला मिळाले, कंपनीचा तो साठा मात्र वगळला.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढा गोंधळ २० टक्क्यांत कसा झाला? साठा मोठा होता हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं मतदानाच्या पद्धतीत आहे. एका खात्याला ३० विटनेसांना मत देता येतं आणि प्रत्येक मताला खात्याचा पूर्ण स्टेक लागू होतो. स्टेक तिसांत वाटला जात नाही, तिसांनाही पुरा मिळतो. हेच पॅनल मतदान.

हिशोबासाठी गोल आकडे घेऊ. एकूण स्टेक १००. डेव्हलपरकडे, म्हणजे चेन बांधणाऱ्या कंपनीकडे, २०. उरलेल्या ८० पैकी ४५ मतदान करतात, ३५ झोपलेले किंवा एक्स्चेंजवर पडून. ४५ वाल्यांची मतं विखुरलेली असतात, कारण कोणी कोणाला सांगून मत देत नाही. समजा त्यांच्या पहिल्या विटनेसला २४ पडली, चौथ्याला २१ आणि तिथून खाली सगळ्यांना २० पेक्षा कमी. डेव्हलपरनं वीस खाती उभी करून प्रत्येकाला आपले २० दिले, की २० पैकी १६ जागा त्याच्या. बाहेरून आणखी ५ मिळाले की प्रत्येकाला २५ पडतात आणि वीसही जागा जातात. आता हाच स्टेक मतांमध्ये वाटून मोजला तर? मतदान झालेल्या ६५ पैकी २० त्याचे, म्हणजे सुमारे ६ जागा. बाहेरचे ५ धरले तरी ७० पैकी २५, म्हणजे सुमारे ७. एका पद्धतीत पाचाच्या मदतीनं सगळी सत्ता हातात येते, दुसरीत एक जागा वाढते.

प्रत्येक फेरीत २१ ब्लॉक असतात: वरचे २० विटनेस आणि राखीव यादीतला एक. हार्डफोर्कला, म्हणजे सगळ्यांना पाळावा लागणाऱ्या कोडबदलाला, २१ पैकी १७ संमती लागतात. म्हणजे ५ जण अडले की बदल अडतो. वाटून मोजायच्या पद्धतीतही ६ जागांवाला डेव्हलपर नको तो बदल रोखू शकेल, पण स्वतःचा कोड लादू शकणार नाही. आमच्या मते डेव्हलपरला एवढाच हक्क रास्त आहे. त्यानं चेन बांधली आहे, त्याचा पैसा अडकला आहे, त्याला नकाराधिकार असावा. सगळ्या जागा त्याच्या असू नयेत.

इथे सहकाराचा दाखला हमखास निघतो आणि तो बराचसा बरोबर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. शिवाय सरकारसारखे अपवाद सोडले तर एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून जास्त भाग धरता येत नाहीत. एक पंचमांश म्हणजे २० टक्के. कायद्यानं जी कमाल मर्यादा घालून वर एकच मत दिलं, तेवढ्याच वाट्यावरून स्टीमची सगळी गादी हलली. पण एक खाते एक मत हा नियम चेनवर जसाच्या तसा आणता येत नाही. सोसायटीत सभासद नोंदवही असते, सातबारा असतो, गटसचिव माणसाला तोंडानं ओळखतो. इथे ३ हाइव्ह भरले की नवं खातं उघडतं. तीनशे हाइव्हमध्ये शंभर सभासद. म्हणून स्टेकवर मत हे नाइलाजानं मान्य करावं लागतं. ३० पूर्ण मतं मात्र नाइलाज नाहीत, तो आकडा बदलता येतो.

हाइव्हनं काय दुरुस्त केलं? दोन गोष्टी, दोन्ही कामाच्या. ऑक्टोबर २०२० च्या हार्डफोर्क २४ पासून नवीन पॉवर-अप केलेला स्टेक विटनेस आणि प्रपोजलच्या (विकासनिधीतून पैसे मागणाऱ्या प्रस्तावांच्या) मतदानात ३० दिवसांनी मोजला जातो. एक्स्चेंजनं ग्राहकांचे टोकन रातोरात उतरवायची वाट यानं बंद झाली: महिनाभर मताला वजन नाही आणि टोकन काढायचे तर पॉवर-डाउनचे (स्टेक परत मोकळा करण्याचे) १३ आठवडे. तेवढ्यात ग्राहक ओरडतात आणि विटनेसही सावध होतात. दुसरी दुरुस्ती जून २०२१ च्या हार्डफोर्क २५ ची. वर्षभरात मतदानाची एकही कृती केली नाही तर खात्याची सगळी जुनी मतं गळून पडतात. सोडून गेलेल्यांच्या मतांवर टिकून राहिलेले विटनेस त्यामुळे घसरतात.

राहिलेले दोष लपवण्यात अर्थ नाही. ३० मतांचा नियम तसाच आहे. ३० दिवसांची अट बाहेरून येणाऱ्याला रोखते, आत आधीच बसलेल्या मोठ्या साठ्याला नाही, आणि अशा साठेदारांत मुख्य कोड लिहिणारेही आहेत. विकासनिधीत हे जास्त टोचतं. तिथे 'रिटर्न प्रपोजल' नावाची एक रेघ असते. त्याच्याहून जास्त स्टेकची मतं मिळाली तरच तुमच्या प्रपोजलला पैसे सुटतात. शे-दोनशे छोट्या खात्यांनी मिळून मत दिलं तरी ती रेघ ओलांडत नाही. चार-दोन मोठ्या खात्यांचा होकार लागतोच. कंपनीचा साठा वगळून त्याच्या वाट्याचे हाइव्ह याच निधीत ठेवले गेले, म्हणून हा प्रश्न साधा नाही.

वगळण्याचीही दुसरी बाजू सांगायला हवी. एअरड्रॉपमध्ये, म्हणजे हाइव्हच्या त्या पहिल्या वाटपात, कंपनीच्या साठ्याबरोबर नव्या विटनेसांच्या बाजूनं मत दिलेली काही सामान्य खातीही वगळली गेली. मत दिलं म्हणून शिल्लक गेली, हे आम्हाला पटत नाही. तिकडे स्टीमवर मे २०२० च्या हार्डफोर्कमध्ये ६४ खात्यांमधले सुमारे २ कोटी ३६ लाख स्टीम काढून घेतले गेले, ते तर फारच वाईट. दोन्हीकडून शिकायचं ते एकच: ज्याच्याकडे १७ जागा, त्याच्यासाठी तुमची शिल्लक हा कोडमधला एक आकडा आहे.

आता कोणाचा स्टेक कुठे आहे हे कसं पाहायचं. एखादं खातं ब्लॉक एक्सप्लोररमध्ये (चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) उघडलं की रकान्यांची लांबलचक यादी दिसते. त्यात 'व्हेस्टिंग शेअर्स' हा स्वतःचा स्टेक. 'डेलिगेटेड' म्हणजे दुसऱ्याला वापरायला दिलेला, 'रिसीव्ह्ड' म्हणजे दुसऱ्याकडून आलेला. इथेच बहुतेकांची फसगत होते. डेलिगेशननं लेखांना मत द्यायची ताकद जाते, विटनेस निवडायची जात नाही. ती मालकाकडेच राहते. डेव्हलपर 'आमचा सगळा स्टेक समाजाला वापरायला दिलाय' म्हणत असेल तर त्यानं सत्ता सोडलेली नाही. डेलिगेशन परत घेतलं की ५ दिवसांत स्टेक पुन्हा त्याच्याकडे. त्याच यादीत 'प्रॉक्सीड' नावापुढे एका ओळीत चार आकडे दिसतात. दुसऱ्यांनी प्रॉक्सी म्हणून, म्हणजे आपल्या वतीनं मत द्यायला, सोपवलेला स्टेक, साखळीच्या चार पायऱ्यांपर्यंत. खातं स्वतः लहान आणि हे आकडे मोठे, असं दिसलं तर खरा कर्ता तो आहे असं समजा.

स्वतः मत देताना पीकडी या हाइव्हच्या संकेतस्थळावर विटनेसच्या पानावर जायचं. नावाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की कीचेन हे ब्राउझरमधलं वॉलेट ॲक्टिव्ह की (व्यवहारांची गुप्त किल्ली) मागतं. नुसत्या पोस्टिंग कीवर (लेख-प्रतिसादांच्या किल्लीवर) लॉगिन असेल तर मत पडत नाही, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते. बाण दाबण्याआधी त्या ओळीत तीन गोष्टी बघा: सर्व्हरवरची आवृत्ती ताजी आहे का, किमतीची फीड (विटनेस चेनवर नोंदवतो तो टोकनचा भाव) शेवटची कधी भरली, आणि सायनिंग की (ब्लॉकवर सही करायची किल्ली) 'एसटीएम' नंतर एकांच्या रांगेनं सुरू होतेय का. तशी असेल तर तो विटनेस बंद आहे, मत वाया. प्रॉक्सी लावली की तुमची आधीची विटनेस मतं पुसली जातात आणि प्रॉक्सी काढल्यावर ती आपोआप परत येत नाहीत, पुन्हा एकेक द्यावी लागतात. तीसच्या तीस मतं वापरायची सक्ती नाही. ओळखीचे, चालू असलेले दहा-बाराच निवडलेले बरे. भरतीला म्हणून टाकलेली मतंच पॅनलवाल्यांच्या पथ्यावर पडतात.

कमाईचं थोडक्यात. लेखाची रक्कम ७ दिवसांनी मिळते, लेखक आणि मत देणारे यांच्यात निम्मी-निम्मी. पूर्ण वजनाच्या दहा मतांची ताकद दिवसात भरून निघते. लेखावर ०.०२ एचबीडीच्या (हाइव्हचं डॉलरला बांधलेलं टोकन) खाली जमलं तर हाती शून्य, आणि ५० हाइव्ह पॉवरच्या (पॉवर-अप केलेल्या हाइव्हच्या) चार-पाच खात्यांनी मिळून मत दिलं तरी तिथवर पोचत नाही. केळीच्या करप्यावर मराठीत उत्तम लेख लिहा किंवा अहिराणी ओव्या टाका, मोठी खाती मराठी वाचत नाहीत म्हणून तो तसाच राहतो. इथेही स्टेकच बोलतो. खात्यात हाइव्ह पॉवर कमी असेल तर दोन-चार प्रतिसादांत रिसोर्स क्रेडिट (चेनवर काही करायचा कोटा) संपतात, ते शून्यावरून भरायला ५ दिवस लागतात. विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहेच, म्हणून टोकन आले त्या दिवसाचा रुपयातला भाव वहीत लिहीत जा.

त्याच वहीत पॉवर-अपची तारीखही लिहा. १०० हाइव्ह टाकले की वॉलेटमध्ये शिल्लक लगेच वाढलेली दिसते, विटनेसच्या मतांचा आकडा जागचा हलत नाही. खात्याच्या यादीत 'डिलेड व्होट्स' खाली तो स्टेक दिवसवार पडून असतो. तिसाव्या दिवसानंतर ती नोंद तिथून निघते आणि तुमच्या विटनेसच्या बेरजेत पडते. तोवर मत दिलेलं असेल तर पुन्हा द्यायची गरज नाही. तिथेच खाली मतांची मुदत संपायची तारीख असते, ती पुढच्या वर्षाची आहे ना एवढं बघून घ्या.