निळ्या फॅलेनॉप्सिसच्या नावाखाली झालेली फसवणूक

घरी ऑर्किड जोपासणाऱ्यांना निळ्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या प्रकाराचा मोह पडतोच, आणि नेमक्या त्याच मोहापोटी एका रोपविक्रेत्याने माझ्याकडून चौदाशे रुपये उकळले. गर्द निळ्या फुलांचे ते रोप हाती देताना, हा रंग जातीचाच आहे आणि फुलदांड्यावर पुढे जी पिल्ले, म्हणजे नवी छोटी रोपे, फुटतील त्यांनाही हीच फुले येतील, असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते.

फुले गळाल्यावर नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा भरलेल्या नव्या कुंडीत रोप हलवताना मुळे ठणठणीत दिसली. मात्र दांड्याच्या खालच्या पेराजवळ टाचणीच्या डोक्याएवढे, मेणाने बुजवलेले छिद्र होते. मेण नखाने खरवडताच आतला गर शाईसारखा निळा निघाला. पांढऱ्या फुलांच्या रोपाच्या दांड्यात असा रंग सोडला की तो पाण्याबरोबर पाकळ्यांपर्यंत चढतो, पण रोपाची जात त्याने बदलत नाही. म्हणूनच पुढच्या हंगामात नव्या दांड्यावर स्वच्छ पांढरी फुले आली. पिल्लू हे तर मूळ रोपाचीच प्रतिकृती, तेव्हा त्यालाही पांढरीच फुले येणार. (खरी निळी फॅलेनॉप्सिस जपानमधल्या चिबा विद्यापीठात केना या तणाच्या एका भावंडाचे जनुक घालून तयार झाली, ती आपल्याकडे हातगाडीवर कुठून येणार?)

तक्रार केली, तर दोष माझ्याकडच्या पाण्याचा ठरला, आणि भरपाई म्हणून 'निळ्या ऑर्किडचे बी' अशी पुडी सवलतीत पुढे आली. तीत मोहरीएवढे टणक काळे दाणे होते. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो, त्यामुळे निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने आणि प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीतल्या पोषक माध्यमावर रुजते. कोकोपीटमध्ये पेरून घरी रोपे करा, असे सांगणारा सरळसरळ थाप मारत असतो.

निळसर ऑर्किड हवेच असेल, तर ईशान्य भारतातला निळा वांदा आहे. पण तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असल्याने परवानाधारक रोपवाटिकेची पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि कोणत्याही निळ्या फुलाचा दांडा बुंध्यापासून टोकापर्यंत बोटाने चाचपून पाहावा.