नवी पेठेतली लाल चोपडी: कादंबरी अडली असेल तर घेऊन बघा

माझी कादंबरी नवव्या प्रकरणात अकरा महिने अडून बसली होती. कथा १९३० सालच्या सोलापूरची. ८ मेचा गोळीबार, १२ मेला लागलेला मार्शल लॉ, पुढे १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे. सगळं वाचून, टिपून झालेलं. पण माझी अंबूबाई, जुन्या मिलच्या साचेखात्यातल्या कामगाराची बायको, नुसती दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातून काही घडतच नव्हतं.

त्याआधी मी कादंबरी लिहिण्याचं एक महागडं ॲप वर्षभराचे पैसे भरून घेतलं होतं. रंगीत कार्डं भरण्यातच महिना गेला, एक ओळ पुढे गेली नाही.

मी चादरीच्या कारखान्यात बावीस वर्षं हिशेब लिहिते. कॉम्प्युटर आल्यापासून चोपडी, म्हणजे हिशेबाची वही, हातात नाही. दिवाळीआधी कारखान्याच्या पूजनासाठी चोपडी आणायला सोलापूरच्या नवी पेठेत गेले, तर दुकानदार म्हणाले, "दोन घ्या की मावशी, एक घरच्याला." घेतली.

लाल कापडी पुठ्ठा, दोऱ्याची शिलाई. उघडली की सपाट पडते, एका हाताने दाबून धरावी लागत नाही. डावीकडे जमा, म्हणजे आलेलं; उजवीकडे नावे, म्हणजे देणं. सवयीने मी वर अंबूबाईचं नाव घातलं आणि तिचं खातं लिहायला बसले. जमेला काय? नवऱ्याचा अर्धा पगार, शेजारणीची माया, शिवणाचा हात. नावे बाजूला लिहिलं: वाण्याची उधारी, गहाण टाकलेली नथ, आणि दोन डझन गांधी टोप्या शिवून देण्याचा इसार, बारा आणे.

तो इसार लिहिला आणि माझा हात थांबला. मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालणं गुन्हा ठरला होता. म्हणजे शिवलेल्या टोप्या घरात, इसाराचे पैसे खर्च झालेले, आणि गल्लीत शिपाई. आता बाईला दारात उभं राहून कसं चालेल? त्या रात्री मी साडेचार पानं लिहिली.

दुसरा उपयोग शिलकीचा. रोज लिहून उठताना खाली शिल्लक टाकायची: कोणाचं काय देणं राहिलं, कोण कुठे अडकलंय. दुसऱ्या दिवशी तीच शिल्लक वर ओढायची आणि तिथूनच पुढे. कोऱ्या पानासमोर बसावंच लागत नाही. पाच महिन्यांत सोळाव्या प्रकरणावर आले.

आता चोपडीतली खोटही सांगते. कागद पातळ आहे, शाईच्या पेनाने अक्षर फुटतं, मागच्या पानावर डाग उतरतात. बॉलपेनच वापरा. रेघाही जवळजवळ आहेत, चष्मेवाल्यांना त्रास होतो. मोठी जाड चोपडी नको, मांडीवर पेलत नाही. दोनशे पानांची बरी. आणि सगळ्या पात्रांची खाती एकदम उघडू नका. मी सहा उघडली होती, त्यातल्या चौघांचं नावे कोरंच राहिलं. त्या चौघांना कादंबरीतून काढलं.

परवा दुसरी चोपडी आणली. पहिल्या पानावर वर ओढलेली शिल्लक: टोप्या अजून चुलीमागच्या डब्यात, नवरा पाळीवरून आलेला नाही, दारावर थाप.