ड्रायव्हरची बातमी की कॅलेंडरची? शर्यतीचं तिकीट कशाच्या भरवशावर काढावं

फॉर्म्युला वनची एखादी शर्यत प्रत्यक्ष बघायला जायचं मनात आलं, की दोन प्रकारच्या बातम्या कानावर पडायला लागतात. अमुक ड्रायव्हर तमुक टीममध्ये चाललाय, ही एक. अमुक शर्यत कॅलेंडरवरून जाणार, तमुक येणार, तिसरी दोन आठवडे अलीकडे सरकणार, ही दुसरी. दोन्हींना आपण अफवा म्हणून एकाच पोत्यात भरतो आणि तिथेच फसतो. माझं मत आधीच सांगते: तिकीट सर्किट बघून काढा, ड्रायव्हर बघून काढू नका.

ड्रायव्हरच्या बातमीपासून सुरुवात करू, कारण मन तिथेच जास्त गुंतलेलं असतं. ऑगस्ट 2023 मध्ये मर्सिडीजने जाहीर केलं, की लुईस हॅमिल्टन 2024 आणि 2025 असे दोन्ही मोसम त्यांच्याकडेच राहील. पुढे पाच-सहा महिन्यांत, 1 फेब्रुवारी 2024 ला, तो 2025 पासून फेरारीत जाणार हे जाहीर झालं. हॅमिल्टन आणि फेरारी ही जोडी त्याआधी कितीदा तरी जुळवून झाली होती आणि दर वेळी फोल ठरली होती. ज्या वेळी ती खरी ठरली, त्या वेळी कुणकुण लागल्यापासून घोषणेपर्यंत फार वेळ गेलाच नाही. मॅक्स व्हर्स्टापेनचं नेमकं उलट झालं. 2024 आणि 2025 च्या उन्हाळ्यात तो मर्सिडीजमध्ये जाणार ही चर्चा महिनोन्‌महिने चालली. शेवटी 2025 च्या हंगेरीच्या शर्यतीच्या वेळी त्यानेच सांगून टाकलं, की 2026 मध्येही मी रेड बुलमध्येच.

म्हणजे लांबलेली चर्चा खोटी निघाली आणि एका-दोन दिवसांची खरी. यामागे कारण आहे. ड्रायव्हरच्या करारावर छापलेलं वर्ष बाहेरच्या माणसाला फारसं काही सांगत नाही. आत कामगिरीशी बांधलेल्या अटी असतात, लवकर बाहेर पडायची मुभा असते, आणि हे कलम आपल्याला कोणी दाखवत नाही. शिवाय लांबलेली चर्चा दोन्ही बाजूंना सोयीची असते: ड्रायव्हरचा भाव वाढतो आणि टीमला स्वतःच्या माणसावर दबाव ठेवता येतो.

म्हणून ड्रायव्हरच्या बातमीत मी एकच गोष्ट बघते: कुठली सीट खरोखर रिकामी झाली आहे का? 2022 मध्ये हे फार स्पष्ट दिसलं. 28 जुलैला सेबास्टियन व्हेटेलने निवृत्ती जाहीर केली. तिथून चौथ्या दिवशी, 1 ऑगस्टला, फर्नांडो अलोन्सो त्याच्या जागी ॲस्टन मार्टिनमध्ये जाणार हे कळलं. दुसऱ्या दिवशी अल्पीनने अलोन्सोच्या जागी ऑस्कर पियास्ट्रीचं नाव जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी पियास्ट्रीने जगजाहीर सांगितलं, की मी अल्पीनसाठी गाडी चालवणार नाही. प्रकरण करार तपासणाऱ्या मंडळापुढे गेलं आणि 2 सप्टेंबरला निकाल पियास्ट्रीशी करार केलेल्या मॅकलारेन टीमच्या बाजूने लागला. एक खुर्ची रिकामी झाली आणि अख्खी रांग हलली. त्या आधीच्या आठवड्यात अल्पीनच्या स्टँडचं तिकीट अलोन्सोसाठी कोणी काढलं असेल, तर पुढच्या वर्षी तो तिथे नव्हता.

आणि अधिकृत घोषणा झाली म्हणजे तरी निश्चिंत व्हावं का? लियाम लॉसनला 2025 साठी रेड बुलची सीट मिळाली, रीतसर. ऑस्ट्रेलिया आणि चीन अशा दोनच शर्यतींनंतर त्याच्या जागी युकी त्सुनोदा आला. त्याच वर्षी अल्पीनने जॅक डूहानच्या जागी सहा शर्यतींनंतर फ्रँको कोलापिंतोला बसवलं. आवडत्या ड्रायव्हरचं नाव असलेली टोपी घेऊन निघालेल्या चाहत्याचं काय झालं असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

कॅलेंडरच्या बातमीचं तसं नाही. ती हळू पिकते आणि वर दिसणाऱ्या खुणा ठेवत पिकते. त्यात सरकारं असतात, महापालिका असतात, आयोजकाची तिजोरी असते, आणि हे सगळे लोक कागदावर बोलतात. माद्रिद 2026 पासून 2035 पर्यंत स्पॅनिश ग्रां प्री, म्हणजे स्पेनची फॉर्म्युला वन शर्यत, भरवणार हे जानेवारी 2024 मध्येच जाहीर झालं. नेदरलँड्समधल्या झँडफोर्टच्या आयोजकांनी 2026 ची शर्यत शेवटची, हे डिसेंबर 2024 मध्ये स्वतः सांगितलं. बेल्जियममधल्या स्पा सर्किटचा नवा करार झाला तो 2026, 2027, 2029 आणि 2031 साठी. मधली 2028 आणि 2030 ही वर्षं कोरी. कुठल्या सर्किटचा करार कुठल्या साली संपतो एवढं पाहिलं, तरी शर्यत जाण्या-येण्याच्या निम्म्या अफवा तोलता येतात.

तरी इथेही एक फरक करावा लागतो. शर्यत जाणार ही बातमी येणार या बातमीपेक्षा जास्त वेळा खरी ठरते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला 1993 नंतर शर्यत झालेली नाही आणि परतीची चर्चा मात्र वारंवार उठते. हनोईचं उदाहरण तर जिव्हारी लागणारं आहे. तिथे ट्रॅक बांधून झाला, कॅलेंडरवर 5 एप्रिल 2020 ही तारीख छापली गेली, आणि व्हिएतनामची ग्रां प्री आजवर एकदाही झाली नाही. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. नव्या शर्यतीच्या पहिल्याच वर्षासाठी आधीपासून पैसे अडकवू नयेत, असं मी म्हणते ते यामुळे.

तारखा सरकण्यामागे बहुतेक वेळा साधी कारणं असतात. 2024 मध्ये रमजानमुळे सौदीची शर्यत शनिवारी घेतली, आणि दोन शर्यतींत आठवड्याचं अंतर हवं म्हणून बहारीनलाही शनिवारीच जावं लागलं. 2026 साठी कॅनडा जूनमधून मे महिन्यात आणली, कारण मायामीच्या शर्यतीनंतर सामान थेट तिकडेच नेता येतं. अशी कारणं कळली की सरकण्याची अफवा वाचतानाच तिचं वजन लक्षात येतं. जिथे मालवाहतूक किंवा सण आड येत नाही, तिथे तारीख हलण्याची भीती फारशी बाळगू नका.

मात्र ज्याची कुजबुजही होत नाही तो धोका उरतोच. मार्च 2020 मध्ये मेलबर्नची शर्यत पहिल्या सरावाला काही तास उरले असताना रद्द झाली. मे 2023 मध्ये पुरामुळे इटलीतली इमोलाची शर्यत त्याच आठवड्यात रद्द झाली. यावर उपाय एकच: तिकीट आणि राहण्याची सोय अशी घ्या, की रद्द झाल्यास पैसे परत मिळतील. विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी.

मग नेमकं केव्हा काढायचं? 2026 चं कॅलेंडर जून 2025 मध्ये आलं, पण स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशीची छोटी शर्यत, कुठे कुठे होणार हे सप्टेंबरमध्ये कळलं: शांघाय, मायामी, माँट्रियल, सिल्व्हरस्टोन, झँडफोर्ट, सिंगापूर. हे लोक विसरतात. स्प्रिंटच्या आठवड्यात शुक्रवारीच स्प्रिंटची पात्रता फेरी असते, एरवी त्या दिवशी नुसता सराव. फक्त शनिवार-रविवार जायचा बेत असेल, तर ही यादी येईपर्यंत थांबणं फायद्याचं. तीन दिवसांचं तिकीट घेणार असाल, तर थांबायची गरज नाही.

ड्रायव्हरसाठीच तिकीट काढावं असा एक प्रसंग मात्र मला मान्य आहे. त्याने स्वतः निवृत्ती जाहीर केली असेल तेव्हा. व्हेटेलने जुलैत सांगितलं आणि नोव्हेंबरमध्ये अबुधाबीत शेवटची शर्यत पुरी केली, दहावा येऊन एक गुण घेऊन. तरी तिथेही मोसमातली शेवटचीच शर्यत निवडा, मधली नको. किमी रायकोनेनने 1 सप्टेंबर 2021 ला निवृत्ती जाहीर केली आणि कोविडमुळे पुढच्या झँडफोर्ट आणि मॉन्झा या दोन्ही शर्यती त्याच्या हुकल्या.